आधी त्यांच्या हातचा चहा घे

कोल्हापूर
ऑक्टोबर अखेर

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, वतीने यंदाच्या गाळप हंगामात ऊसतोड कामगारांच्या तळांवर जायचं तू ठरवलंस, त्यासाठी नोकरीतून रजा घेतलीस, हे वाचून पत्र तसंच हातात धरून आधी देवाचे आभार मानले आणि मग पुढे वाचलं. तू विचारलं आहेस, "बाई, नम्रतेने सेवा करायची म्हणजे नेमकं काय करायचं? आणि माझाच विश्वास कधी कधी डळमळतो, तर मी दुसऱ्याला काय सांगू?" प्रश्न खरे आहेत. चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत होतास तेव्हाही तू पाठ केलेलं वचन म्हणून मोकळा व्हायचा नाहीस, मागून एक शंका ठेवायचास. ती सवय टाकू नकोस.

पत्रासोबत तू कामाचा आराखडा जोडला आहेस. ब्लँकेटं किती, वह्या किती, औषधांचा कॅम्प कुठल्या रविवारी, प्रार्थना कधी, मुलांची गाणी कोण घेणार. मेहनतीने केला आहेस. मी तो दोनदा वाचला. त्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत देणारे आपण आहोत आणि घेणारे ते. त्यांच्याकडून तू काय घेणार आहेस, याबद्दल मात्र त्यात एकही ओळ नाही. मला आज बहुतेक तेवढ्याबद्दलच लिहायचं आहे.

बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढ. प्रवासाने थकलेला प्रभू येशू भर दुपारी विहिरीवर येऊन बसतो. शिष्य गावात अन्न विकत घ्यायला गेलेत. एक शोमरोनी बाई, यहूदी ज्यांना परके मानत त्या लोकांतली, पाण्याला येते आणि तो तिला म्हणतो, मला प्यायला पाणी दे. पुढे जिवंत पाण्याचं, खऱ्या उपासनेचं एवढं मोठं बोलणं होतं की आपले उपदेशक थेट तिथेच उडी मारतात. पण त्याची सुरुवात मागण्याने झाली आहे. आणि ते मागणं नाटकी नव्हतं. त्याला खरोखर तहान लागली होती, विहीर खोल होती, आणि त्याच्याजवळ पोहरा नव्हता. ती बाई त्याला तसं म्हणतेसुद्धा. यहूदी माणसाने शोमरोन्याच्या भांड्यातलं पाणी मागावं याचं तिला नवल वाटतं, आणि त्या नवलातूनच बोलणं सुरू होतं. अध्यायाच्या पुढच्या भागात गावकरी त्याला राहण्याचा आग्रह करतात आणि तो तिथे दोन दिवस राहतो. म्हणजे दोन दिवस त्यांच्याच घरचं जेवला, त्यांच्याच अंथरुणावर निजला. उपदेशात या दोन दिवसांबद्दल कोणी बोलत नाही. मला ते फार मोलाचे वाटतात.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, पण ती अंगाला भिडली ती आपल्या कोल्हापुरातल्या एका चहाच्या दुकानामुळे. गंगाराम कांबळे हे नाव तू शाळेत ऐकलं असशील. राजवाड्यातल्या नोकरीत असताना सवर्ण नोकरांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांना हे कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांनी चहाचं हॉटेल काढलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवून प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. आता बघ, ज्या राजाने १९०२ साली पन्नास टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याला देण्यासारखं पुष्कळ होतं आणि त्याने ते दिलंही. तरी त्या रस्त्यावर त्याने दुसऱ्याच्या हातून घेतलं. हुकमाने नोकरी मिळते, शाळा मिळते. तुझ्या हातचं मला चालतं, मला आवडतं, हे मात्र कुठल्या हुकमात लिहिता येत नाही.

महाराज आपल्या धर्माचे नव्हते. मंडळीच्या सभेत मी हे उदाहरण दिलं की एखाद्याच्या कपाळाला आठी पडते. पडू दे. प्रभूने शेजाऱ्यावर प्रेम करणं कशाला म्हणतात हे दाखवायला दाखल्यात मंदिरातला याजक निवडला नाही, मंदिराची सेवा करणारा लेवी निवडला नाही, रस्त्याने जाणारा शोमरोनी निवडला. ज्यांना आपण सांगायला जातो त्यांच्याकडूनही देव आपल्याला सांगत असतो, एवढं तरी आपल्याला कबूल हवं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना ते कधी परके झाले नाहीत. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्या पुलावरून आलेल्या माणसाची गीतं आज आपण दर रविवारी गातो.

तर तळावर गेल्यावर पहिलं काम हे कर. खोपीसमोर कोणी तुला बसायला पोतं टाकलं, तर त्यावर बस. चहा विचारला तर हो म्हण. तो बहुतेक बिनदुधाचा, भरपूर गोड असेल, पेला कदाचित जेमतेम विसळलेला असेल. मी नर्सिंगमध्ये जन्म काढला आहे, म्हणून सांगते, उकळलेल्या चहाने तुला काही होत नाही. कोणी भाकरी आणि ठेचा पुढे केला तर अर्धी भाकरी खा. "नको नको, आम्ही डबा आणलाय" असं म्हणून त्यांच्यादेखत गाडीत बसून डबा उघडू नकोस. आपल्याला वाटतं, गरिबाचं कशाला खायचं, त्यालाच कमी पडेल. विचार चांगला आहे, पण त्या घरच्या बाईला त्यातून एवढंच कळतं की आपलं यांना चालत नाही. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूने शिष्यांना पाठवलं ते पिशवी न देता पाठवलं. ज्या घरात उतराल तिथे ते देतील ते खा-प्या आणि तिथेच राहा, घरं बदलत फिरू नका, असं बजावलं. त्याला त्यांच्या हातात भरलेल्या थैल्या देता आल्या नसत्या का? पण थैली भरलेली असली की माणूस कुणाचा पाहुणा होत नाही.

आता तू ज्यांच्याकडे जातो आहेस त्यांच्याबद्दल थोडं. ही माणसं बीड, जालना, अहिल्यानगर अशा कोरडवाहू भागातून दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत इकडे असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, ती आधीच लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात गेलेली असते, आणि मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. पहाटे अंधारातच फडात जायचं, तोडायचं, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून नेऊन गाडी भरायची. ट्रक रात्री आला तर रात्री भरायचा. बाई त्याच्याआधी उठून पाणी आणि भाकऱ्या करते आणि सगळ्यांच्या नंतर निजते. अंगावरून जात असलं, ताप असला, तरी खाडा केला की पैसे कापले जातात. २०१९ साली बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांची बातमी राज्यभर गाजली, सरकारने समिती नेमली, ते तुला आठवत असेल. मी जन्मभर बायकांच्या वॉर्डात काम केलेली बाई आहे. ती बातमी वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

हे सगळं लिहिण्याचं कारण असं की तुझ्या आराखड्यात प्रार्थनासभा सकाळी दहाची आहे. सकाळी दहाला तळावर कोण असतं? दूधपितं पोर सांभाळणारी सात-आठ वर्षांची मुलगी आणि एखादी म्हातारी. तू आपल्या रविवारच्या उपासनेची वेळ तिकडे नेऊन ठेवली आहेस. नम्रता इथे लागते, बाळ. चेहरा पाडून हळू बोलण्यात ती नाही. ज्याच्याकडे जायचं त्याचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो हे आधी विचारायचं, आणि आपलं वेळापत्रक त्याप्रमाणे मोडायचं. पहिले पंधरा दिवस कुठलाच कार्यक्रम ठेवू नकोस. फक्त जा, बस, नावं पाठ कर. कुणाचं गाव कुठलं, घरी मागे कोण आहे, पोरगी कितवीत होती, बैलांची नावं काय. हो, बैलांचीही.

एक गोष्ट सांगते. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडली आणि चढतच गेली, तेव्हा चिखली, आंबेवाडीची माणसं बोटीतून काढून आणली होती. एका शाळेत त्यांची सोय केली होती आणि मंडळीच्या बायका तिथे जायच्या. एक आजी भिंतीला टेकून बसली होती. कुणी चादर दिली, तिने ती तशीच बाजूला ठेवली. कुणी बिस्किटं दिली, तीही तशीच. आमच्यातली एकजण वैतागून म्हणाली, हिला काही नकोच आहे. मी जवळ बसले आणि विचारलं, "आजी, तुम्हाला काय पायजे?" ती म्हणाली, "चादर ऱ्हाऊ दे. माझी म्हस कुठं हाय, तेवढं बघतीस का?" बोटीत चढताना तिने म्हशीचं दावं सोडलं होतं आणि तिला पाण्यात तशीच सोडून दिली होती. तिच्या डोळ्यापुढे दुसरं काही नव्हतं. आम्ही फोनाफोनी केली. दुसऱ्या दिवशी तिच्या गावच्या एका पोराने कळवलं, म्हैस पोहत पोहत वर आली आहे आणि सोनतळीच्या माळावर बाकीच्या जनावरांत उभी आहे. आजीने त्या दिवशी जेवण केलं आणि चादर अंगावर घेतली.

बार्तीमय आंधळा होता हे सगळ्या यरीहो गावाला दिसत होतं. त्याला काय हवं असणार हे कुणीही सांगितलं असतं. तरी प्रभू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? त्याला माहीत नव्हतं म्हणून विचारलं असं मी मानत नाही. रस्त्याच्या कडेला बसलेल्या, लोक गप्प बस म्हणून दटावत असलेल्या माणसाच्या तोंडून त्याचं मागणं ऐकायचं होतं. तळावर ब्लँकेटांचं वाटप करण्याआधी तू हे विचारशील का? मला वाटतं उत्तरं तुला चकित करतील. कुणाला मोबाइल चार्ज करायची सोय हवी असेल. एखाद्या बाईला आडोसा हवा असेल, अंघोळीला आणि इतर गोष्टींना. तो तर हवाच असतो, पण ती तुझ्यापाशी बोलणार नाही, म्हणून सोबत आपल्या महिला मंडळातल्या दोघी-तिघी ने. आणि पोरांच्या शाळेबद्दल बोलशील तेव्हा त्यांच्या गावच्या शाळेतून नाव कटू न देता जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांना बसवता येतं का, हे तिथल्या गुरुजींना भेटून विचार. वह्या वाटण्यापेक्षा ते काम कितीतरी अवघड आहे, म्हणून ते कोणी करत नाही.

मुकादमाबद्दलही लिहायला हवं. तुझ्या पत्रात त्याच्याविषयी राग आहे. राग यावा असे मुकादम मी ऐकले आहेत, मारहाण करणारे, माणसं डांबून ठेवणारे. तिथे गप्प बसायचं नाही, सरळ पोलिसांत आणि तहसीलदारांकडे जायचं, आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन जायचं. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नकोस. कितीतरी मुकादम आधी स्वतः कोयता चालवत होते, उचलीचे पैसे त्यांनीही दुसऱ्याकडून उचललेले असतात, आणि टोळी पळून गेली की बुडणारे तेच असतात. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाच्या घरी प्रभू उतरला तेव्हा लोक कुरकुरले. तो आधी सुधारला आणि मग प्रभू उतरला असं झालेलं नाही. क्रम उलटा आहे. मुकादमाकडेही चहा घे.

आता आपल्या माणसांविषयी, जरा कठोर वाटलं तरी. आपण कोल्हापूरच्या ख्रिस्ती लोकांनी तळावर जाताना "खाली उतरून" चाललो आहोत असं समजू नये. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली इथे आले, त्यानंतर शाळा निघाल्या, बोर्डिंगं निघाली, मिरजेत दवाखाना उभा राहिला, आणि आपली घरं शिकली. आपल्यातल्या कित्येकांचे पणजोबा गावकुसाबाहेरचे, दुष्काळात पोट पाठीला लागलेले होते. दोन-तीन पिढ्यांत आपल्या नावापुढे पदव्या लागल्या याचा मला आनंद आहे, पण त्याबरोबर विसरही आला. लग्न जुळवताना आपल्यातही हळूच पूर्वीची जात विचारली जाते, हे तुलाही माहीत आहे. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीच्या निवडणुकीत एका खुर्चीसाठी सख्खे भाऊ एकमेकांना सलाम करणं सोडतात. आणि हीच माणसं उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आठवड्यात प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याचा अध्याय डोळ्यांत पाणी आणून वाचतात. तू तरुण संघातला आहेस. तळावर जाण्याआधी तुझ्या मंडळीत ज्या माणसाशी तुझं बोलणं बंद आहे त्याच्या घरी जाऊन ये. मला माहीत आहे तो कोण आहे. त्याच्याकडेही चहा घे.

फोटो काढू नकोस. देणगीदारांना हिशेब हवा असेल तर पावत्या दे. ब्लँकेट घेताना वाकलेल्या बाईचा चेहरा तिच्या परवानगीशिवाय तुझ्या मोबाइलवर का असावा? तिच्या जागी तुझी आई आहे असं समजून बघ, आणि मग ठरव.

मदतीच्या मागे कुठलीही अट असू नये, अगदी डोळ्यातून दिसणारीसुद्धा. औषध घ्यायचं तर प्रार्थनेला बसा, वही हवी तर गाणं म्हणा, हे कोणी करत असेल तर तो समोरच्या माणसाच्या भुकेचा सौदा करतो आहे, आणि प्रभूच्या नावाचाही. आपल्या समाजावर आमिषाचा आरोप होतो तेव्हा मला वाईट वाटतं. त्यावर माझं उत्तर एकच, आपलं देणं इतकं मोकळं असावं की घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पाठ फिरवायचीही मुभा असावी. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी. बाकीच्या नऊ जणांचं बरं होणं प्रभूने काढून घेतलं नाही. कुणी विचारलं, तुम्ही हे का करता, तर मात्र लाजू नकोस. येशूने माझ्यावर प्रेम केलं म्हणून, असं सरळ सांग. कुणासाठी प्रार्थना करावीशी वाटली तर आधी विचार, करू का? नको म्हटलं तर घरी येऊन खोलीचं दार लावून कर. ती ऐकली जाते.

आणि साध्या बोलीत बोल. तारण, पवित्रीकरण, अभिषेक हे शब्द मंडळीत शोभतात. पंडिता रमाबाई संस्कृतच्या एवढ्या जाणकार, पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि एवढी विद्या कशासाठी वापरली? खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणण्यासाठी. केडगावच्या त्यांच्या छापखान्यात ते छापण्याचं काम त्यांच्याच मुक्ती मिशन या आश्रमातल्या बायका-मुलींनी केलं. दुष्काळातून आलेल्या मुलींच्या हातात रमाबाईंनी नुसती भाकरी ठेवली नाही, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम दिलं. मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनीही तेच केलं. १८९४ साली दवाखाना उभा केला आणि लगेच, १८९७ पासून, आपल्याकडच्या तरुणांना वैद्यकीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. आपल्यावाचून काम अडावं असं ज्याला वाटत नाही, त्याची नम्रता मला खरी वाटते. तळावरच्या एखाद्या दहावी झालेल्या मुलीच्या हाती पोरांचा वर्ग सोपवता येईल का ते बघ. तू बाजूला बसून तिला फळा पुसून दे.

आता तुझा दुसरा प्रश्न. तुझा विश्वास डळमळतो आणि तू ते कुणाला सांगत नाहीस, कारण मंडळीत साक्ष द्यायची ती विजयाची. मार्कच्या नवव्या अध्यायातल्या त्या बापाकडे बघ. पोराला फेफरं येतंय, शिष्यांनी हात टेकलेत, आणि तो प्रभूपुढे ओरडतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका श्वासात दोन्ही. प्रभूने त्याला सांगितलं नाही की आधी घरी जा, विश्वास पुरता जमवून ये. पोरगं तिथेच बरं केलं.

मी ज्या हॉस्पिटलात होते तिथे एका हंगामात गुऱ्हाळावर काम करणाऱ्या माणसाचं लहान पोर भाजून आलं होतं. उकळत्या काहिलीच्या रसाने भाजलेलं. मी रात्रपाळीला. बाप रोज रात्री वॉर्डाच्या दाराशी उभा राहायचा, वारकरी, गळ्यात माळ. एका रात्री म्हणाला, "सिस्टर, तुमच्या देवाला सांगा की." मी पोराच्या उशाशी उभी राहिले आणि तोंडाने प्रार्थना केली. आत मला काहीच जाणवत नव्हतं. त्या वर्षी माझ्या घरीही मरण झालं होतं आणि देव मला फार लांब वाटत होता. आम्ही हात धुऊन, उकळलेली साधनं वापरून, ड्रेसिंग वेळेवर करून जे करता येतं ते सगळं केलं. विश्वासाने त्यातलं काहीही कमी होत नाही. पोर वाचलं नाही.

पुढच्या हंगामात तो माणूस हॉस्पिटलात आला, हातात गुळाचा लहानसा रवा. मला म्हणाला, "पहिल्या काहिलीचा हाय. तुमी त्याच्यासाठनं जागला." मला तो घ्यावा कसा तेच कळेना. ज्याचं पोर आमच्या हातून गेलं, त्याच्या हातून गूळ! पण तो हात पुढे करून उभा होता. मी घेतला. त्या वर्षी पहिल्यांदा मला पुन्हा प्रार्थना करता आली, मनापासून. मी त्याच्यासाठी देवाकडे मागितलं होतं आणि मला द्यायला देवाने त्यालाच पाठवलं, असं मी मानते. याला कोणी योगायोग म्हणेल. मी त्याच्याशी वाद घालणार नाही, पण माझं मानणं बदलणार नाही.

म्हणून तुझा विश्वास भरून वाहायला लागेपर्यंत थांबू नकोस. आहे तेवढा घेऊन जा. कदाचित तुझ्या वाट्याचा उरलेला विश्वास शिरोळच्या एखाद्या फडात, एखाद्या खोपीत ठेवलेला असेल, आणि तो तुला तिथल्याच कुणाच्या हातून मिळायचा असेल. रोज पहाटे निघण्याआधी एक स्तोत्र वाच. थकलास तर एका दिवसाचा विसावा घे, त्याची लाज वाटू देऊ नकोस. महिन्याअखेरीस कमिटी अहवाल मागेल, किती सभा, किती हजर. तो दे, हिशेब चोख ठेवणं हा प्रामाणिकपणाच आहे. पण मला दुसरं पत्र लिही. त्यात किती लोकांना तू नावाने ओळखतोस ते लिही, आणि कुणी तुला काय खाऊ घातलं ते.

देव तुला सांभाळो.

तुझ्या शब्बाथ शाळेच्या,
बाई

ता. क. औषधांच्या पेटीबद्दल तू विचारलंस ते राहिलंच. कोयत्याची जखम झाली तर आधी स्वच्छ पाणी आणि साबणाने नीट धुवायची, हळद, चुना, तंबाखू काही भरू द्यायचं नाही, स्वच्छ कापडाने दाबून बांधायची आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं. फडात घोणस असते. साप चावला तर जागा कापायची नाही, चोखायची नाही, दोरीने करकचून आवळायची नाही. माणसाला आडवा निजवून तो अवयव हलू न देता थेट सरकारी दवाखान्यात, नाहीतर कोल्हापुरात सीपीआर या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात. मांत्रिकाकडे निघाले तर भांडत बसू नकोस, गाडी पुढे लाव आणि म्हण, आधी इंजेक्शन घेऊ, मग तिकडे जाऊ. जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या पुड्या भरपूर ठेव. एक पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात, कमी पाण्यात नाही, हे बायकांना स्वतः करून दाखव. जवळच्या आशाताईंचा नंबर पहिल्याच दिवशी घे.